पहाऱ्याची बदली

माझे सासरे कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी शर्टाची वरची गुंडी लावतात. लग्न होऊन या घरात आल्या आल्या मी त्यांना कारण विचारलं होतं. "ड्युटीवर उघड्या गळ्यानं जायचं नसतं," असं उत्तर मिळालं. ड्युटी म्हणजे काय, तर कुस्त्यांचे व्हिडिओ बघणे, आसामात असलेल्या मुलाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, रविवारी बोलणे, आणि सकाळी कॉम्प्युटरवर साताऱ्याचं हवामान वाचून मग दार उघडून ते बरोबर आहे का हे तपासणे.

सासरे म्हणजे सुभेदार लालासाहेब. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण आमच्या गावात फौजेतून निवृत्त झालेला माणूस फक्त पगारातून निवृत्त होतो. बाकी सगळं चालू राहतं. गणपतीत पोरं डीजेपुढं नाचायला लागली की आबा नुसते कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात आणि पोरं आरती म्हणायला लागतात. मी साताऱ्यात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. आबांनाही मीच शिकवलं. चालू करणं, बंद करणं, फाईल शोधणं एवढं झाल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं, "आन एकादी फाईल लपवायची आसंल तर?"

"कशाला लपवायची, आबा?"

"दुश्मनाच्या हाती लागू ने म्हणून."

आमच्या सोप्यातल्या त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचेल असा दुश्मन मला काही सुचला नाही. तरी मी शिकवलं. शिकलेलं वाया जात नाही असं आमच्या क्लासच्या पाटीवरच लिहिलंय.

आता या गोष्टीतली खरी अडचण सांगते. शेजारच्या रंगूबाईंची नात अपेक्षा, तिचं लग्न सांगलीत ठरलं होतं. रंगूबाईंचा मुलगा सांगलीतच असतो. रंगूबाईंचे मालक हरिबा हे आबांचे जिवाभावाचे दोस्त, एकाच पलटणीतले. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडं लग्नात देवकाच्या शेजारी गेलेल्या माणसाचा फोटो मांडतात, पहिली अक्षता त्याला वाहतात आणि मग कार्याला लागतात. माणूस नसला तरी त्याला वगळून लग्न लागत नाही. पण हरिबांचा फ्रेम केलेला फोटो सांगलीच्या घरात होता आणि महापुरात ते घर छातीपर्यंत पाण्यात होतं. फोटो गेला, लग्नाचे अल्बम गेले. उरला पेन्शनच्या कागदावरचा जोडफोटो. त्यात हरिबांच्या नाकावर नेमका गोल शिक्का बसलाय.

आबांच्या जुन्या फोटोंचंही तसंच झालेलं. दमटपणानं ते एकमेकांना चिकटले होते. साताऱ्याच्या स्टुडिओवाल्यानं एकेक सुटेल तसा कॉम्प्युटरमध्ये घेतला, पण सगळे सोडवेपर्यंत मूळ फोटो फाटून गेले. त्यातल्या पलटणीच्या एका ग्रुप फोटोत मागच्या ओळीत हरिबा उभे होते. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा आणि त्यावर टोपीची सावली.

"एवढाच हाय व्हय, भावजी?" रंगूबाईंनी विचारलं होतं.

"एवढाच," आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले होते. "पर मोठा करून दितो. वैनी, हरिबा लग्नाला येनार. शब्द हाय माजा."

लग्नाला आठवडा राहिला असताना एके दुपारी मी क्लासहून घरी आले, तर सोप्यात आबा कॉम्प्युटरसमोर छाती काढून बसलेले. स्क्रीनवर लाल भडक चौकट, हिरवी ढाल आणि ढालीमागं बंदूक घेतलेला एक माणूस.

"हे काय, आबा?"

"शील्ड कमांडो," आबा अभिमानानं म्हणाले. "कुस्ती बघत हुतो. मधीच ह्यो आडवा आला. लाल अक्षरात म्हनला, स्टॉप. मी थांबलो."

"का थांबलात?"

"संतरी 'थम' म्हनला की थांबायचं आसतं, पोरी. फुडं पाऊल टाकलं की गोळी. मग त्यानं नाव इचारलं, नाव दिलं. जन्मतारीख इचारली, दिली. त्यानं इचारला न्हवता, पर सर्व्हिस नंबर बी दिला."

मी पर्स खाली ठेवली. "आणि मग?"

"मग त्यो म्हनला, तुमच्या घरात लय दुश्मन शिरल्यात, पहारा लावू का? म्हनलं लाव. एवढं इचारून पहारा लावनारा मानूस आजकाल कुटं भेटतोय?"

मी माऊस हातात घेतला. स्क्रीनवर आबांचं काहीच नव्हतं. कुस्त्या नाहीत, हवामान नाही, फोटोंचा फोल्डर नाही. नुसती निळी भिंत आणि तिच्यापुढं हा कमांडो. त्याचं म्हणणं असं, की सगळ्या फाईलींना लागण झालीय, त्या त्यानं सुरक्षित जागी नेल्यात आणि परत हव्या असतील तर कार्डानं पैसे भरावेत.

"तुम्ही पैसे भरले?"

"भरनार हुतो. पहाऱ्यावरच्या मानसाला रेशन लागतंय का न्हाई?"

स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या सासूबाई, बनुबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या म्हणाल्या, "कारड तांदळाच्या डब्यात हाय. आन कंच्या डब्यात ते मी सांगनार न्हाई." आत्यांना कॉम्प्युटरमधलं काहीच कळत नाही. पण आबांना ढालीमागच्या माणसाचं कौतुक वाटायला लागलं की कार्ड कुठं असावं हे त्यांना बरोबर कळतं.

मी खुर्ची ओढून आबांच्या शेजारी बसले आणि माझ्या मते फार सोप्या भाषेत सांगितलं. "आबा, हा पहारेकरी नाही. हा चोर आहे. पहारेकऱ्याचे कपडे घालून आलाय. दुश्मन वगैरे कुणी शिरलं नव्हतं, हाच शिरलाय. वर हेरगिरी करतोय. तुम्ही काय टाईप करता ते सगळं बाहेर कळवतोय."

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चोर त्यांना चालला असता. हेरसुद्धा चालला असता, हेरांशी कसं वागायचं ते त्यांना माहीत होतं. पण वर्दी घातलेला चोर ही कल्पनाच त्यांना सोसेना.

"वर्दीवर आसं बोलू ने," ते म्हणाले.

"ही वर्दी नाही. हे चित्र आहे."

"बरं. मग त्येला काडनार आन त्येच्या जागी कोन?"

"आत्ता कुणी नाही. आधी काढते, मग बघू."

आबांनी माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला. अगदी हळू, पण ठेवला. "राजेश्वरी, ध्यानात ठीव. बदली आल्याबिगर पहारा सोडायचा न्हाई. आमी बर्फात हुबं ऱ्हायलोय, पायाची बोटं गेली काय हाईत काय ते कळत नव्हतं, पर बदलीवाला मानूस समोर येऊन हुबा ऱ्हाईस्तवर कुनी हाललं न्हाई. संतरी वाईट आसंल, झोपाळू आसंल, चोर बी आसंल. पर जागा रिकामी ठिवायची न्हाई."

आता या माणसाला काय सांगायचं! मला राग आला होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की मी चहा करायला जाते. जाताना एवढंच बजावलं, "उद्या क्लासमधून पेनड्राईव्हवर चांगला प्रोग्राम घेऊन येते. तोवर हात लावू नका."

हात लावू नका हे फौजी माणसाला सांगणं म्हणजे काहीतरी करा असं सांगणं आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आले तर सोप्यात आत्या कॉम्प्युटरकडं पाठ करून लसूण सोलत बसलेल्या, आणि आबा येरझाऱ्या घालत होते. स्क्रीनवर आता एकाऐवजी तीन चौकटी होत्या. आबांनी रातोरात बदली शोधली होती. कमांडोच्याच चौकटीच्या कोपऱ्यात 'मेजर क्लीन'ची जाहिरात होती. कमांडोवर मेजर बरा, असं समजून त्यांनी मेजरला बोलावलं. मेजरनं आल्या आल्या सांगितलं की कमांडो चोर आहे. आबांना माझं म्हणणं पटलं. पण मेजर कमांडोला हाकलेना, म्हणून मेजरच्या शिफारशीवरून त्यांनी 'सेफ ब्रिगेड'ला आणलं. ब्रिगेडनं मेजर आणि कमांडो दोघांनाही चोर ठरवलं. ते ऐकून कमांडो उठला आणि त्यानं ब्रिगेडवर बोट दाखवलं. मी आले तेव्हा तिघांची जुंपली होती. एक भोंगा वाजवत होता, एक लाल दिवा लावत होता आणि तिसरा दर थोड्या वेळानं इंग्रजीत बाईच्या आवाजात किंचाळत होता.

"तिगंबी येकमेकाला चोर म्हनत्यात," आत्या मान न वळवता म्हणाल्या. "मग खरं कोन बोलतंय?"

"तिघंही," मी म्हणाले. "चोरांनी एवढं खरं बोललेलं मी पहिल्यांदाच बघतेय."

आबांनी शर्टाची वरची गुंडी काढली होती. ते बघून मला वाईट वाटलं.

तेवढ्यात रंगूबाई आल्या. हातात मोठी नवी फ्रेम, सांगलीहून मुलाकरवी मागवलेली. फ्रेमच्या दुकानात काचेमागं नमुन्याचा फोटो घालून ठेवतात तसा एक गोरापान, दात दाखवणारा तरुण त्यात होता.

"भावजी, फ्रेम आली बगा. ह्यात कोन हाय कुनाला ठावं. ह्येला काडा आन आमच्या मानसाला बसवा."

आबांनी माझ्याकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना बोलताना अडखळलेलं मी ऐकलं नव्हतं. "वैनी... फोटू... फोटू आत आडकलाय. मीच आडकीवला. चोराच्या हातात किल्ली दिली म्या."

रंगूबाई उभ्याच राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फ्रेमकडं बघितलं, ती उलटी केली, म्हणजे तो गोरापान माणूस दिसू नये, आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "देवकापाशी पाट मोकळा ठिवू. त्येंचा तोंडवळा तसाबी आता मला नीट आठवत न्हाई. रोज आठवाय बसते, तर रोज जरा कमी हुतोय. फोटू आसता तर परत जुळला आसता." एवढं बोलून त्या आत्यांशेजारी बसल्या आणि त्यांच्यापुढचा लसूण ओढून सोलायला लागल्या.

कॉम्प्युटरमधली ती इंग्रजी बाई परत किंचाळली.

"राजेश्वरी," आबा म्हणाले, "काड सगळ्यांस्नी."

"आणि बदली?"

"बदली तू. हुबी ऱ्हा."

"काय?"

"हुबी ऱ्हा म्हनतो न्हवं. खुर्चीच्या म्होरं."

मी क्लासमधली मॅडम, चाळीस पोरांना गप्प बसवणारी. पण सांगते, मी उभी राहिले. आबांनी वरची गुंडी परत लावली, कॉम्प्युटर आणि मी यांच्यामध्ये उभे राहून टाच जोडली आणि पहाऱ्यावरचा संतरी येणाऱ्याला विचारतो तसं खणखणीत आवाजात विचारलं, "कौन आता है?" आत्यांनी मला मागून ढोसलं. मी म्हणाले, "दोस्त." आबा बाजूला सरकले. पहारा माझ्याकडं आला आणि मगच मला माऊस मिळाला.

मी आधी इंटरनेटची वायर उपटली. इंग्रजी बाई गप्प झाली. "रसद तोडली," आबांनी मागून सांगितलं. मग कॉम्प्युटर बंद करून सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात फक्त अगदी गरजेची माणसं जागी होतात, बाकीचे झोपून राहतात. झोपलेल्या तिघांना एकेक करून बाहेर काढलं. उठल्याबरोबर परत यायची सोय त्यांनी कुठं कुठं करून ठेवली होती, ती दारं शोधून बंद केली. पेनड्राईव्हवरच्या प्रोग्रामनं कानाकोपरा झाडून घेतला. शेवटी विंडोजचा स्वतःचा, कॉम्प्युटरबरोबरच आलेला पहारेकरी सापडला. कमांडोनं आल्या आल्या त्याला बंद करून टाकलं होतं.

"म्हंजी ह्यो पयल्यापास्नं हितंच हुता?" आबा वाकून बघत म्हणाले.

"पहिल्यापासून. हातपाय बांधून पडला होता."

"बिचारा," आबा म्हणाले, आणि मी त्याला चालू केलं तेव्हा ते त्या छोट्या चिन्हाकडं बघून मान हलवून हसले. जागा भरली होती. आता त्यांना माझी गरज नव्हती असं म्हटलं तरी चालेल.

पण कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू केला तर निळी भिंत तशीच. एकही फाईल नाही. रंगूबाईंनी मान वर करून बघितलं आणि परत लसणाकडं वळल्या.

"गेलं का?" आबांनी विचारलं.

"जात नाही," मी म्हणाले. मलाही धाकधूक होती, पण या असल्या प्रोग्रामांचे धंदे मला ठाऊक होते. "फाईली पुसायला वेळ लागतो, आणि पुसल्यावर पैसे कशाचे मागणार? ते नुसत्या लपवतात. तुम्हाला मी शिकवलं होतं ना फाईल लपवायला? तसंच. एक आज्ञा दिली की लपवलेलं सगळं वर येईल."

आबा एकदम ताठ झाले. "सगळं?"

"सगळं."

"म्हंजी त्यानं लपीवल्यालंच का... कुनीबी लपीवल्यालं?"

"कॉम्प्युटरला काय माहीत कुणी लपवलंय? जे जे लपलंय ते दिसेल."

आबांनी घसा खाकरला. "आवं वैनी, तुमी आत जाऊन च्या घ्या. लय येळ झाला."

"मला नगं च्या," रंगूबाई म्हणाल्या.

"बने, वैनीला आत ने."

"लसूण कोन सोलंल?" आत्या म्हणाल्या. त्यांच्या नजरेत आता जरा वेगळीच चमक आली होती.

आज्ञा टाईप करून माझं बोट एंटरवर थांबलं होतं. आबा एकदा दाराकडं बघत होते, एकदा माझ्या बोटाकडं. मला वाटलं आता हे वायर उपटतात. मग त्यांची नजर भिंतीशी उलट्या ठेवलेल्या फ्रेमवर गेली आणि तिथंच राहिली.

"चालीव," ते म्हणाले.

मी एंटर दाबलं. निळ्या भिंतीवर एकेक चौकोन उमटायला लागला. कुस्त्या आल्या. माझ्या लग्नाचे फोटो आले. पलटणीचा ग्रुप फोटो आला. आणि सगळ्यांत शेवटी, मी कधीच न बघितलेला एक फोल्डर आला. नाव होतं 'विहिरीची मोटर'.

आमच्या विहिरीला मोटर आहे. पण तिचे कुणी फोटो काढत नाही. मी तो उघडला.

स्क्रीनभर एक फोटो आला. पलटणीतला बडा खाना, म्हणजे जवानांची मेजवानी, मागं तंबूच्या कापडाचा पडदा, पुढं स्टेज. स्टेजवर हरिबा, डोक्याला फेटा, मान मागं टाकून असे हसतायत की त्यांची पडजीभसुद्धा दिसेल. चेहरा ताटाएवढा, लख्ख. आणि त्यांच्या गळ्यात हात टाकून शेजारी एक नऊवारीतली बाई. नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, मनगटभर हिरव्या बांगड्या, कमरेला बाक देऊन उभी. रूप म्हणाल तर धट्टंकट्टं. नाक ओळखीचं. कान तर फारच ओळखीचे.

मग आत्या उठल्या, लसणाचे हात पदराला पुसत स्क्रीनजवळ गेल्या आणि त्यांनी त्या बाईकडं नीट निरखून बघितलं.

"आवं," त्या म्हणाल्या, "थोरल्याच्या बारशाला सुट्टीवर आला तवा मिशा नव्हत्या तुमाला. म्हनला हुता, बंकरात ष्टोव्ह भडकला आन जळल्या."

आबा भिंतीकडं बघत होते. "ष्टोव्ह हुता तितं," ते म्हणाले. "पर भडकला नव्हता."

"म्या देवाला नारळ फोडला हुता, चेहरा वाचला म्हणून!"

मला हसू आवरेना, पण मी दात ओठांवर रोवून बसले. कारण रंगूबाई उठल्या होत्या. त्या माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बोट पुढं केलं, पण काचेला लावलं नाही.

"आसंच हसायचं," त्या म्हणाल्या. "आसंच. घर डोस्क्यावर घ्यायचं. त्यो सांगलीच्या घरात भिंतीवरचा फोटू हुता न्हवं, वर्दीतला, त्यो मला कायम कुनीतरी दुसऱ्याचा वाटायचा. म्या त्येला हळदकुकू लावायची, पर बोलायची न्हाई त्येच्याशी. ह्यो... ह्यो माजा मानूस." आणि मग त्या रडल्या, आणि रडता रडताच हसल्या, कारण त्या फोटोकडं बघून तोंड वाईट करून राहणं कुणालाच शक्य नव्हतं.

आबा भिंतीकडून वळले. "वैनी, माजं चुकलं. म्या तुमाला म्हनलं येवढाच फोटू हाय. ह्यो हुता. माज्या लुगड्यापायी तुमचं मानूस म्या कोंडून ठिवलं. गाव काय म्हनंल, पोरं काय म्हनतील, ह्येच बगत बसलो."

रंगूबाईंनी डोळे पुसले. "ह्योच पायजे मला मांडवात."

"देतो की!" आबांना केवढा धीर आला. "राजेश्वरी, काप. निस्ता हरिबा ठीव."

मी कापायला घेतलं. उजव्या बाजूची नऊवारी गेली, नथ गेली, कमरेचा बाक गेला. पण गळ्यात टाकलेला हात कसा जाणार? हरिबांच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा तो हात तसाच राहिला, मागं माणूस नाही आणि नुसता हात. आणखी आत कापलं तर हरिबांचा खांदा आणि अर्धा कान जात होता.

"ह्ये आसं न्हाई चालायचं," आत्या म्हणाल्या. "नवऱ्याकडची पावनी मंडळी इचारतील, ह्यो हात कुनाचा?"

"माज्या मालकाच्या खांद्यावर परक्या बाईचा हात," रंगूबाई म्हणाल्या, "आन त्यो बी नातीच्या लग्नात. न्हाई बया." त्यांनी फ्रेम उचलली. "जाऊ द्या. ज्वारीच्या दान्यायेवढाच करा मोठा, टोपीवाला."

मी ग्रुप फोटो उघडला आणि मोठा करत नेला. जसजसा मोठा होई तसतसे हरिबा पुसट होत गेले. शेवटी टोपीखाली नुसता करडा डाग राहिला. रंगूबाई त्या डागाकडं बघत म्हणाल्या, "चालंल."

"चालनार न्हाई," आबा म्हणाले. आवाज 'कौन आता है' विचारतानाचा. "राजेश्वरी, त्यो पयला लाव. कापू नको. दोगांस्नी बी छाप. आक्खा."

"आबा, सगळी सांगली बघेल."

"बगू दे."

फ्रेम उभी होती, फोटो आडवा. म्हणून आम्ही फ्रेमच आडवी केली. तो गोरापान तरुण निघाला आणि त्या जागी दोघं बसले.

लग्नाच्या दिवशी सांगलीच्या कार्यालयात देवकाशेजारी फोटो मांडला तेव्हा एक नवाच पेच उभा राहिला. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. पण हा फोटो अर्धा जिवंत होता.

"जित्या मानसाला हार?" आत्या कडाडल्या. "माज्या कुकवाचा काय इचार हाय का न्हाई कुनाला?" शेवटी हार अर्धा तोडून फक्त हरिबांच्या बाजूला लावला, आणि आबांच्या बाजूला, नजर लागू नये म्हणून, आत्यांनी काचेवर काजळाचा ठिपका दिला. नऊवारीच्या गालावर तो असा काही शोभून दिसला, की फोटोग्राफर सारखा तिकडंच वळत होता.

आबा ब्लेझर घालून, छातीवर पदकं लावून फोटोशेजारी उभे होते. गुंडी अर्थातच लावलेली. नवरदेवाची एक मावशी फोटोपाशी थबकली.

"हरिबाअण्णांच्या शेजारची ही बाई कोण हो?"

गावाकडची सगळी पोरं मागंच उभी होती. डीजेपुढं नाचणारी, कोपऱ्यावर गप्प होणारी.

आबांनी टाच जोडली. "मी," ते म्हणाले. "सुभेदार लालासाहेब. त्या दिवशी ह्येच्यासंगं नाचलो हुतो. बक्षीस बी मिळालं."

मागून एक शिट्टी आली. आबांनी शिट्टीच्या दिशेनं बघितलं. पोरं घाबरली. आबा म्हणाले, "सांजच्याला बगतो तुमच्याकडं. तवा कळंल नाचनं काय आसतंय." मग जी हशाची लाट उठली तिच्यात भटजींचं मंगलाष्टक बुडालं आणि त्यांना दोनदा थांबावं लागलं. स्टेजपेक्षा फोटोपाशी गर्दी जास्त झाली. ज्याला त्याला गोष्ट सांगावी लागत होती आणि आबा प्रत्येकाला ती नव्यानं सांगत होते. प्रत्येक वेळी हरिबांना पडलेल्या टाळ्या थोड्या वाढत गेल्या आणि आबांची कंबर थोडी बारीक.

पंगती बसल्या, उठल्या. आबा जागचे हलले नाहीत. मी दोनदा जेवायला बोलावून आले. "पंखा जोरात हाय," ते म्हणाले. "फोटू पडंल." पंखा बंद होता.

मग रंगूबाई आल्या. नातीला निरोप देऊन आल्या होत्या, डोळे सुजलेले, नवं लुगडं चुरगळलेलं.

"भावजी, जेवाय चला."

"पहारा हाय, वैनी. जागा सोडता येत न्हाई."

रंगूबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि आबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. सोप्यात लसूण सोलताना त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कौन आता है तरी म्हना की," त्या म्हणाल्या. "बदली आलीया."

आबांनी नुसती टाच जोडली, फोटोकडं एकदा बघितलं, आणि बाजूला सरकून जेवायला गेले.

मी त्यांच्या मागोमाग निघाले. पंगतीच्या दाराशी वळून बघितलं तर रंगूबाई फोटोकडं तोंड करून उभ्या होत्या आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. संतरीनं बाहेरच्या बाजूला बघायचं असतं, पण ते त्यांना सांगायला कुणी गेलं नाही.